‘कर’ प्रत्ययान्त आडनावे आणि स्थलांतराचा इतिहास : ‘होळकर’ या आडनावाच्या प्रवासाच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी माणसाची ओळख विचारताना नाव, गाव आणि आडनाव हे तीन प्रश्न क्रमाने येतात. यांपैकी नाव आईवडील ठेवतात व गाव जन्माने किंवा वास्तव्याने मिळते. आडनाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते आणि ते केव्हा, कोठे व कोणत्या कारणाने लागले हे बहुतेक कुटुंबांना सांगता येत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी स्थलनामे व व्यक्तिनामे यांच्या व्युत्पत्तीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तथापि आडनावाचा विचार आजही पुष्कळदा गमतीदार व्युत्पत्ती सांगण्यापुरताच मर्यादित राहतो. आडनाव हे सामाजिक इतिहासाचे साधन आहे आणि इतर साधनांप्रमाणेच ते तपासून वापरले पाहिजे, ही जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

या विषयाकडे प्रस्तुत लेखक वळला तो वर्गातील एका साध्या प्रसंगामुळे. प्रथम वर्षाच्या हजेरीपटावरील एका विद्यार्थ्याचे ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव वाचून लेखकाने त्याचे मूळ गाव कोणते व तो कोणत्या समाजाचा असावा याविषयी मनाशी तर्क बांधला आणि त्या गावाबद्दल त्याला भर वर्गात प्रश्न विचारला. त्या गावी आपल्या कुटुंबातील कोणी कधी गेल्याचे त्याला ठाऊक नव्हते आणि समाजाविषयीचा तर्कही चुकीचा ठरला. विद्यार्थी संकोचला आणि शिक्षकालाही संकोच वाटला. आपण अध्यापक मंडळी आडनावावरून गाव, जात आणि नाते यांचा अंदाज सहज बांधतो. तो अंदाज कितपत विश्वसनीय असतो, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात राहिला. प्रस्तुत लेख हा त्याच प्रश्नाचा शोध आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव व स्थलांतर यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) ‘होळकर’ या आडनावाचा उगम व प्रवास यांचा आढावा घेणे.
३) बेने इस्राएल समाजाची आडनावे व डच आडनावे यांच्याशी तुलना करणे.
४) मराठवाड्यातील नोंदींच्या संदर्भात आडनाव या साधनाच्या मर्यादा दाखविणे.

लेखासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

‘कर’ प्रत्यय : एक शब्द, दोन अर्थ

मराठी आडनावांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, चिटणीस ही वतन वा अधिकारपदावरून आलेली आडनावे होत. जोशी, सोनार, सुतार ही व्यवसायावरून आलेली आहेत. शिंदे, जाधव, मोरे, पवार ही कुळाची नावे आहेत. चौथा वर्ग गावाच्या नावाला ‘कर’ जोडून तयार झालेल्या आडनावांचा आहे. हा प्रत्यय लागताना गावाच्या नावात कधी बदल होत नाही, तर कधी शेवटचा स्वर गळतो. पाथरी या गावावरून पाथरीकर होते, परंतु मंगेशीवरून मंगेशकर होते.

या प्रत्ययाचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात घेतले जात नाही. ‘सेलूकरांनी पाहुण्यांचे स्वागत केले’ असे वाक्य वृत्तपत्रात येते, तेव्हा ‘सेलूकर’ म्हणजे सेलूत राहणारे लोक. मात्र ‘सेलूकर’ हे एखाद्याचे आडनाव असेल, तर ते कुटुंब सेलूत राहत नसावे असेच अनुमान प्रथम करावे लागते. सेलूत सर्वच सेलूकर असल्यामुळे तेथे या शब्दाने कोणाचीही वेगळी ओळख पटत नाही. कुटुंब परगावी गेले की तेथील लोक त्याला ‘ते सेलूचे’ म्हणून ओळखू लागतात आणि दोन-तीन पिढ्यांत ती ओळख आडनाव होऊन बसते. अर्थात काही कुटुंबे पुढे मूळ गावी परततात, काही गावाच्या वतनामुळे तेथे राहूनही ते नाव लावतात. असे अपवाद मान्य करूनही सामान्य नियम असा सांगता येईल की, नाम म्हणून ‘कर’ वास्तव्य सांगतो आणि आडनाव म्हणून तो बहुधा प्रस्थान सांगतो.

गोव्यातील मंगेशी या एकाच देवस्थानाच्या परिसरातून ‘अभिषेकी’ आणि ‘मंगेशकर’ अशी दोन आडनावे प्रसिद्धीस आली. पहिले देवाच्या सेवेवरून, तर दुसरे गावावरून आले. मास्टर दीनानाथ (१९००-१९४२) यांनी ‘मंगेशकर’ हे आडनाव धारण केले. मंगेशी सोडून महाराष्ट्राच्या रंगभूमीवर वावरणाऱ्या कलावंताला गावाची ओळख सांगणारे नाव उपयोगी पडले, यात नवल नाही.

होळ ते इंदूर : आडनावाचा प्रवास

‘कर’ प्रत्ययान्त आडनावांपैकी सर्वाधिक दूरवर गेलेले व लिखित साधनांच्या आधारे ज्याचा मागोवा घेता येतो असे आडनाव म्हणजे ‘होळकर’ होय. पुणे जिल्ह्यात नीरा नदीच्या काठी होळ हे गाव आहे. मल्हारराव होळकरांचा जन्म १६ मार्च १६९३ रोजी याच गावी झाला असे मानले जाते. वडील खंडोजी हे धनगर समाजातील होते. होळ येथे येण्यापूर्वी हे घराणे खेड तालुक्यातील वाफगावचे होते अशी परंपरा सांगितली जाते. ही परंपरा ग्राह्य धरली, तर ‘होळकर’ हे नाव घराण्याच्या मूळ स्थानाचे नसून प्रवासातील एका मुक्कामाचे आहे असे म्हणावे लागते. आडनाव घराण्याचे आद्य गाव सांगतेच असे नाही. ते आडनाव रूढ होण्यापूर्वी सोडलेले गाव सांगते. हा भेद महत्त्वाचा आहे.

मल्हारराव लहान असतानाच वडील वारले. आईने त्यांना घेऊन खानदेशातील तळोदे येथे भाऊ भोजराज बारगळ यांचा आश्रय घेतला. नीरेच्या काठचा मुलगा तापीच्या खोऱ्यात वाढला. मामांच्या घरी ‘बारगळ’ हे आडनाव होते आणि भाचा होळचा होता. म्हणून तो होळकर. येथे आडनावाचे कार्य नेमके दिसून येते. मामाच्या गावी वाढणाऱ्या मुलाला वडिलांच्या गावाशी जोडून ठेवणारा तो एकमेव दुवा होता. पुढे मल्हाररावांनी कदम बांडे यांच्याकडे शिलेदारी केली आणि नंतर ते पहिल्या बाजीरावांच्या सेवेत आले. १७३० नंतरच्या दशकात माळव्यात मराठ्यांचा अंमल बसविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १७३४ मध्ये त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर मिळाली. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचा मृत्यू झाला. हे स्थान आज मध्य प्रदेशातील भिंड जिल्ह्यात आहे. होळपासून शेकडो मैल दूर असलेल्या त्यांच्या छत्रीवर होळचेच नाव राहिले.

यानंतरच्या दोन घटना आडनावाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. मल्हाररावांचे पुत्र खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले व नातू मालेराव १७६७ मध्ये वारले. यानंतर राज्याचा कारभार सून अहिल्याबाई यांनी हाती घेतला. अहिल्याबाईंचे माहेर चौंडी येथील शिंदे घराण्यातले. विवाहाने आलेल्या आडनावाला सर्वाधिक कीर्ती त्यांनीच मिळवून दिली. सैन्याचे नेतृत्व ज्या तुकोजी होळकरांकडे सोपविले गेले, तेही मल्हाररावांचे औरस पुत्र नव्हते, तर त्याच कुळातील एक विश्वासू सरदार होते. इंदूरच्या पुढील राज्यकर्त्यांची परंपरा तुकोजींपासून चालते. म्हणजे एकच आडनाव अखंड चालू राहिले, याचा अर्थ एकच रक्तरेषा अखंड चालू राहिली असा होत नाही. जन्म, विवाह, दत्तकविधान आणि कुळसंबंध या सर्व मार्गांनी आडनाव पुढे जाते.

अहिल्याबाईंनी महेश्वर ही राजधानी केली. १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर हे राजधानीचे ठिकाण झाले आणि १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारत संघराज्यात विलीन झाले. मात्र तोपर्यंत हे आडनाव कुटुंबाच्या बाहेर पडून संस्थांचे नाव झाले होते. १८९१ मध्ये इंदूर येथे होळकर महाविद्यालय स्थापन झाले. क्रिकेटमधील होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला (१९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३). या संघातून नागपूरचे कर्नल सी. के. नायडू व इंदूरचे मुश्ताक अली खेळले. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा करणारा इंग्रज फलंदाज डेनिस कॉम्प्टन हाही होळकर संघाकडूनच खेळला होता. नीरेकाठच्या गावाचे नाव लावून एक इंग्रज खेळाडू मैदानात उतरतो, तेव्हा त्या नावाचा गावाशी असलेला अर्थसंबंध जवळजवळ संपलेला असतो. ते निव्वळ एक विशेषनाम बनलेले असते.

या आडनावाचा परतीचा प्रवासही झाला. घृष्णेश्वर व परळी वैजनाथ या मराठवाड्यातील दोन ज्योतिर्लिंगांच्या मंदिरांचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला. परळी आपल्या परभणीपासून दूर नाही. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले आणि २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले. गावावरून व्यक्तीला नाव मिळाले होते. तीन शतकांनंतर व्यक्तीवरून जिल्ह्याला नाव मिळाले.

अक्षरांचे स्थलांतर

माणसांबरोबर आडनावाचे उच्चार व अक्षरेही स्थलांतर करतात. मराठीतील ‘ळ’ प्रमाण हिंदीच्या व्यवहारात वापरला जात नाही. त्यामुळे माळव्यात ‘होळकर’चे ‘होलकर’ झाले. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर असल्याने इंग्रजी कागदपत्रांतही हा भेद नाहीसा झाला. आज हिंदी वा इंग्रजी साधनांवरून मराठीत भाषांतर करताना काही लेखक ‘होलकर’ असेच लिहितात. होळ या गावाशी असलेला धागा एका अक्षराच्या फरकाने तुटतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

समान नावाची गावे ही दुसरी अडचण आहे. होळ नावाचे गाव बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातही आहे. तेव्हा ‘होळकर’ आडनावाचे प्रत्येक कुटुंब नीरेकाठचे असेल असे गृहीत धरता येत नाही. हीच गोष्ट आपल्या सेलूबाबत आहे. सेलू नावाचे तालुक्याचे गाव वर्धा जिल्ह्यातही आहे. एखाद्या ‘सेलूकर’ कुटुंबाचे मूळ परभणी जिल्ह्यात शोधायचे की वर्धा जिल्ह्यात, हे केवळ आडनावावरून ठरविता येणार नाही. त्यासाठी कुलदैवत, बोलीची वैशिष्ट्ये, सोयरसंबंधांचा टापू आणि जमिनीच्या नोंदी यांचा आधार घ्यावा लागेल.

एक आडनाव, अनेक समाज : बेने इस्राएल

आडनावावरून जात वा धर्म ओळखता येतो या समजुतीला सर्वांत ठळक उत्तर कोकणातील बेने इस्राएल समाज देतो. आपले पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी या ज्यू समाजाची परंपरा आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याची प्रथा यांमुळे शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आजच्या रायगड जिल्ह्यातील खेड्यांत ते शतकानुशतके राहिले आणि मराठी त्यांची मातृभाषा झाली. त्यांनी गावांवरून घेतलेली ‘कर’ प्रत्ययान्त आडनावे शंभराहून अधिक आहेत. नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर, दिवेकर ही त्यांपैकी काही होत. यांतील पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे हिंदू कुटुंबांतही आढळतात. गाव सर्वांचे होते, म्हणून गावाचे नावही सर्वांना मिळाले.

अठराव्या शतकापासून हा समाज मुंबईकडे वळू लागला. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. अलिबागजवळच्या किहीम गावाचे नाव लावणारे हाईम सॅम्युएल केहिमकर (१८३०-१९०८) यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. लेखकाच्या आडनावात किहीम आहे, लेखन मुंबईचे आहे आणि प्रकाशन तेल अवीवचे आहे. समाजाच्या स्थलांतराचे तिन्ही टप्पे एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकत्र आलेले दिसतात. किहीमचे ‘केहिम’ झाले, ही अक्षरांच्या स्थलांतराची आणखी एक खूण होय. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या व १९६६ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या आडनावात अलिबागजवळचे झिराड हे गाव आहे. येथे ‘कर’ हा प्रत्यय गळला आहे आणि गाव तेवढे उरले आहे.

मुंबईत गेल्यावर अनेक बेने इस्राएल कुटुंबांनी सॅम्युएल, मोझेस, रूबेन, डेव्हिड अशी वडील-आजोबांची नावेच आडनावाच्या जागी लावण्यास सुरुवात केली. सरकारी दप्तरात ती सोयीची होती. मात्र त्यामुळे पुढील पिढ्यांना आपले कोकणातील गाव आडनावातून कळण्याची वाट बंद झाली.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले आणि दिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा अशा शहरांत स्थायिक झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने बेने इस्राएल व्यक्तींच्या विवाहप्रसंगी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. समाजाने त्याविरुद्ध निदर्शने केली आणि १९६४ मध्ये हे निर्देश बदलावे लागले. गावाचे नाव सांगणारे आडनाव वंशाच्या चौकशीत पुरावा म्हणून उभे राहू शकत नव्हते, कारण ते मुळात वंश सांगण्यासाठी निर्माणच झाले नव्हते. मात्र या आडनावाने दुसरे एक काम केले. इस्राएलमध्ये या समाजाने ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले. त्या वाचकांपैकी एखाद्याचे आडनाव रोहेकर वा पेणकर असेल, तर भूमध्य समुद्राच्या काठीही कुंडलिका आणि भोगावती यांची आठवण टिकून राहते.

डच आडनावांशी तुलना

गावावरून आडनाव पडण्याची पद्धत केवळ महाराष्ट्रातच आहे असे नाही. ज्या डच व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली, त्यांच्या भाषेत ‘व्हान’ हा शब्द ‘चा’ किंवा ‘पासून’ या अर्थाने गावाच्या नावाआधी येतो. मराठीत स्थळवाचक खूण नावाच्या शेवटी लागते, तर डच भाषेत ती नावाच्या आरंभी लागते. तत्त्व मात्र एकच आहे.

उत्रेख्त शहराजवळील दे बिल्ट या गावचा यान आर्टसेन नावाचा तरुण १६५० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील डच वसाहतीत बंधपत्रित मजूर म्हणून गेला. ‘आर्टसेन’ म्हणजे आर्टचा मुलगा. हे वडिलांचे नाव होते, आडनाव नव्हते. नव्या भूमीत त्याच्या वंशजांची ओळख ‘दे बिल्टचे’ अशी रूढ झाली. पुढे इंग्रजी अंमलात तीन शब्द जुळून ‘व्हँडरबिल्ट’ हे एकसंध आडनाव तयार झाले. जहाज वाहतूक व लोहमार्ग यांत अफाट संपत्ती मिळविणारा कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट (१७९४-१८७७) हा त्याचाच वंशज होय. मराठीत या आडनावाचे रूपांतर करायचे झाल्यास ते ‘बिल्टकर’ असे होईल. होळ सोडल्यावर होळकर, बिल्ट सोडल्यावर बिल्टकर. दोन्ही ठिकाणी आडनाव परक्या मुलखात दृढ झाले आणि दोन्ही ठिकाणी तेथील भाषेने त्याचे रूप बदलले.

मायदेशी राहिलेल्या अनेक डच कुटुंबांना मात्र दीर्घकाळ कायमचे आडनावच नव्हते. विशेषतः उत्तर व पूर्व भागांत वडिलांचे नाव लावण्याची रीत होती. हा प्रदेश फ्रान्सच्या ताब्यात असताना नेपोलियनने १८ ऑगस्ट १८११ रोजी आज्ञा काढून प्रत्येक कुटुंबाने आडनावाची नोंद करावी असे फर्माविले. ही नोंद तात्पुरती आहे असे समजून लोकांनी थट्टेने विचित्र आडनावे नोंदविली, अशी कथा तेथे प्रचलित आहे. परंतु अशा आडनावांपैकी काही १८११ पूर्वीच्या कागदपत्रांतही आढळत असल्याने अभ्यासक ती दंतकथा मानतात. आडनावांच्या मजेदार कथा आपल्याकडेही विपुल आहेत. त्या ऐकाव्यात, पण इतिहास म्हणून स्वीकारण्यापूर्वी जुन्या नोंदी पाहाव्यात, हा धडा त्यातून घेता येतो.

मराठवाड्याच्या संदर्भात

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. त्यामुळे येथील जुन्या नोंदी एका लिपीत मिळत नाहीत. दरबारी व्यवहार आधी फारसीत व नंतर उर्दूत होता. गावपातळीवरील मराठी लेखन मोडीत होत असे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नाही. उर्दूच्या प्रचलित वर्णमालेत मराठी ‘ळ’साठी स्वतंत्र अक्षर नाही, त्यामुळे तो ‘ल’ असाच लिहिला जातो. एकाच कुटुंबाचे आडनाव तीन लिप्यांतून फिरून आजच्या देवनागरी दाखल्यावर येते, तेव्हा त्याच्या रूपात फरक पडणे स्वाभाविक असते.

हा केवळ भाषाशास्त्राचा प्रश्न राहिलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्यानिमित्ताने मोडी व उर्दू लिपी वाचणाऱ्यांची गरज सर्वांना जाणवली. आरक्षणाविषयीच्या वादात शिरण्याचा येथे हेतू नाही. परंतु एखाद्या तरुणाचे शिक्षण वा नोकरी एका जुन्या नोंदीतील नावाच्या वाचनावर अवलंबून असू शकते, ही वस्तुस्थिती आहे. अशा वेळी आडनाव जुळले म्हणून नाते जुळले असे मानणे जितके चुकीचे, तितकेच एका अक्षराचा फरक पडला म्हणून नाते नाही असे मानणेही चुकीचे ठरेल.

गावांवरून आलेली आडनावे आपल्या भागातही आहेत. २०२० मध्ये कोविड महामारीच्या काळात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे डॉ. रमण गंगाखेडकर दूरचित्रवाणीवरून देशाला माहिती देत होते. ज्यांनी परभणी जिल्ह्याचा नकाशा कधी पाहिला नाही अशा लाखो लोकांच्या कानी तेव्हा ‘गंगाखेड’ हे नाव पडले.

थांबलेली प्रक्रिया

आज मराठवाड्यातून होणारे स्थलांतर पूर्वीपेक्षा कमी नाही. मनमाड-परभणी लोहमार्गावरील सेलू स्थानकातून विद्यार्थी पुणे, मुंबई व छत्रपती संभाजीनगरकडे जातात. ऊसतोडणीसाठी कुटुंबे हंगामी स्थलांतर करतात. धरणांमुळे काही गावांना आपली मूळ जागाच सोडावी लागली. तरीही या स्थलांतरातून नवी ‘कर’ प्रत्ययान्त आडनावे निर्माण होताना दिसत नाहीत. शाळेचा दाखला, शिधापत्रिका, आधार पत्र यांवर आडनाव एकदा नोंदले गेले की ते स्थिर होते. पुण्यात गेलेला सेलूचा तरुण मित्रांत ‘सेलूकर’ म्हणून ओळखला गेला, तरी त्याची मुले ते आडनाव लावणार नाहीत. नेपोलियनच्या आज्ञेने जे डच लोकांच्या बाबतीत घडले, तेच आपल्याकडे शाळेच्या प्रवेश नोंदवहीने हळूहळू घडविले.

परिणामी अठराव्या शतकातील एका धनगर कुटुंबाचे स्थलांतर आपल्याला आडनावातून कळते, पण एकविसाव्या शतकातील हजारो कुटुंबांचे स्थलांतर पुढील पिढ्यांना आडनावातून कळणार नाही. ते अन्य मार्गाने लिहून ठेवावे लागेल. ग्रामीण महाविद्यालये हे काम करू शकतात. इतिहास, मराठी व समाजशास्त्र या विभागांनी मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांकडून आपापल्या कुटुंबाची तीन पिढ्यांची स्थलांतराची माहिती लिहून घेता येईल. कोणते गाव सोडले, कोणत्या वर्षी, कशामुळे आणि सोबत कोण होते, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. अर्थात ही माहिती विद्यार्थ्याच्या संमतीने व त्याच्या खासगीपणाचा मान राखूनच घेतली पाहिजे. जातीचा शोध हा त्यामागील हेतू असता कामा नये.

निष्कर्ष

१) ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव बहुधा कुटुंबाने सोडलेल्या गावाची नोंद असते. सध्याचे वास्तव्य किंवा आद्य मूळस्थान ते सांगेलच असे नाही.
२) ‘होळकर’ हे आडनाव होळ, तळोदे, महेश्वर, इंदूर असा प्रवास करीत कुटुंबाचे नाव, राज्याचे नाव व संस्थेचे नाव अशा अवस्थांतून गेले. विवाह व कुळसंबंध यांद्वारेही ते पुढे चालले. म्हणून आडनावाचे सातत्य हा रक्तसंबंधाचा पुरावा मानता येत नाही.
३) एकच गावनाम अनेक जाती-धर्मांच्या कुटुंबांना आडनाव म्हणून लागते. बेने इस्राएल समाजाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.
४) लिपी व भाषा बदलल्याने आडनावाचे रूप बदलते. समान नावाची गावे असल्यामुळे केवळ आडनावावरून गाव निश्चित करणे धोक्याचे आहे.
५) कायम नोंदींमुळे नवी स्थळवाचक आडनावे निर्माण होण्याची प्रक्रिया जवळजवळ थांबली आहे. म्हणून आजच्या स्थलांतराची स्वतंत्र नोंद ठेवणे आवश्यक आहे.

हजेरी घेताना एखादे ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव आले, तर त्यावरून विद्यार्थ्याची जात वा गाव ठरवून टाकणे अध्यापकाने टाळावे. त्याला आपल्या कुटुंबाचा प्रवास शोधण्यास आणि तो स्वतःच्या शब्दांत लिहिण्यास उत्तेजन द्यावे. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याला लेखकाने नंतर हेच सुचविले.